तिरकी रेघ

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगढला मिग-२१ विमानांना अखेरचा निरोप देण्यात आला. तो सोहळा मी डोंबिवलीतल्या घरी, दूरचित्रवाणीसमोर बसून पाहिला. निवेदकांची मोठी पंचाईत झाली होती. ज्या विमानाला वर्षानुवर्षे 'उडती शवपेटी' म्हणून हिणवले, त्यालाच आता दोन तासांपुरते 'आकाशातला योद्धा' म्हणायचे होते. दोन्ही विशेषणे एकाच दमात, आणि दोन्ही वैमानिकाच्या खुर्चीतून पाहिल्यासारखी. माझे लक्ष मात्र भलतीकडेच जात होते. विमानाच्या नाकापुढे आलेली ती लांब दांडी. तिच्यावरचे लाल आवरण कोणीतरी उड्डाणापूर्वी काढले असेल, आवरणाला लोंबणारी पट्टी हाताभोवती गुंडाळून तो माणूस बाजूला उभा राहिला असेल. कॅमेऱ्यात तो कुठे दिसतो का, हे मी शोधत होतो. दिसला नाही. दिसणार नव्हताच.

१९८३ ते २००३ अशी वीस वर्षे मी हवाई दलात होतो, आणि त्यांतली बरीचशी त्या दांडीमागे गेली. माझा ट्रेड इन्स्ट्रुमेंट फिटरचा. वैमानिकासमोरच्या तबकड्यांवरचे काटे खरे बोलत आहेत की नाही, एवढे पाहणे हे माझे काम. हवाई दलात होतो म्हटले की लोक पहिला प्रश्न विचारतात, "मग किती वेळा उडवलंत?" एकदाही नाही, असे सांगितले की चेहरे पडतात. (आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेत माझा उल्लेख 'निवृत्त वैमानिक' असा छापून आला आहे. दुरुस्तीचे पत्र दिले होते. तेही 'वैमानिक श्री.' अशा पत्त्याने पोच झाले.)

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या माणसाला हवाई दल तसे अपरिचित नाही, पण ते कुंपणापलीकडचे. येऊरच्या डोंगरावरचे केंद्र, कोलशेत रस्त्यालगतची भिंत, एवढीच त्याची ओळख. माझ्या पिढीतल्या कल्याणकरांना आणखी एक जागा ठाऊक होती. मलंगगडाच्या वाटेवर नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी शेतजमिनी घेऊन धावपट्टी बांधली होती. वडील कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होते. सुट्टीच्या दिवशी सायकलवर पुढे बसवून त्यांनी मला एकदा तिकडे नेले. विमान नव्हतेच. गवत आणि म्हशी. वडील बराच वेळ काँक्रीटच्या भेगांकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "इथे माणसं ठेवायला पाहिजे होती." ते कोणत्या माणसांबद्दल बोलत होते हे मला तेव्हा कळले नाही. त्या जमिनीचा वाद पुढे चिघळत गेला, नौदलाच्या भिंतीवरून जून २०१७ मध्ये तिथे शेतकऱ्यांचा उद्रेकही झाला. तो विषय मोठा आहे आणि माझा नाही. माझ्या मनात राहिले ते वडिलांचे वाक्य.

बेंगळुरूजवळच्या जलहळ्ळीत आमचे शिक्षण झाले. वर्गात उभी चिरलेली यंत्रे असत, आतली नाजूक डबी, दांते, स्प्रिंगा सगळे उघडे. उंचीमापक म्हणजे मुळात हवेचा दाब मोजणारी एक डबी. जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते, डबी फुगते, काटा फिरतो. वेगमापकाला दोन हवा लागतात, एक समोरून आदळणारी आणि एक बाजूची स्तब्ध. त्या दोन्ही हवा विमानात घेऊन येणारी वाट म्हणजे ती दांडी, पिटो नळी, आणि तिच्यामागे कॉकपिटपर्यंत धावणाऱ्या बारीक नळ्या. वाटेत गांधीलमाशीने घर केले, पाण्याचा थेंब अडकला, एखादा सांधा सैल राहिला, तर काटे खोटे बोलू लागतात. म्हणून ते लाल आवरण. जलहळ्ळीच्या वर्गात हे सारे इतके स्वच्छ दिसे की चूक होण्याला जागाच नाही असे वाटे. एका वृद्ध प्रशिक्षकाचा आग्रह असे की, यंत्र खोलण्यापूर्वी प्रत्येकाने पाच मिनिटे नुसते काट्याकडे बघत बसायचे. आम्ही त्याची टिंगल करत असू.

मग स्क्वाड्रन. ती कोणती आणि कुठली हे सांगत नाही. पश्चिमेकडची, वाळूची, एवढे पुरे. रशियन विमानात उंची मीटरमध्ये आणि वेग ताशी किलोमीटरमध्ये. फूट आणि नॉट शिकून आलेल्या आमच्या डोक्याला पहिले काही आठवडे सतत भागाकार करावा लागे. पण मला आज सांगायचे आहे ते यंत्राविषयी नाही, हँगरमधल्या एका फळ्याविषयी.

त्या फळ्याला 'स्टॅगर चार्ट' म्हणत. कल्पना साधी, पण मला तिचे अजूनही कौतुक वाटते. समजा, तुमच्याकडे बारा विमाने आहेत आणि प्रत्येकाची दर १२० तासांच्या उड्डाणानंतर मोठी तपासणी करावी लागते. बाराही विमाने सारखीच उडवली, तर बाराही एकाच आठवड्यात तपासणीला येऊन उभी राहतील. हँगरमध्ये जागा दोन-तीन विमानांची, माणसे तेवढ्यापुरतीच. आणि बाहेर धावपट्टी ओस. म्हणून पहिल्या विमानाचे दहा तास शिल्लक, दुसऱ्याचे वीस, तिसऱ्याचे तीस, असे टप्पे पाडून ठेवायचे. फळ्यावर विमाने ओळीने मांडली आणि प्रत्येकाच्या डोक्यावर उरलेल्या तासांची खूण केली, की त्या खुणांमधून एक तिरकी रेघ जाते. रेघ सरळ तिरकी असेल तर स्क्वाड्रनची तब्येत ठणठणीत. मध्येच कुठे फुगवटा आला, की तीन महिन्यांनी कोणत्या आठवड्यात हाल होणार हे आजच दिसते.

ऐकायला सोपे वाटते. पण ही रेघ राखायची म्हणजे चांगले विमान उभे ठेवायचे आणि तक्रारखोर विमान उडवायचे. वैमानिकांची काही लाडकी विमाने असतात. कोणते डावीकडे ओढते, कोणाच्या इंजिनाचा आवाज त्यांना भरवशाचा वाटतो हे त्यांना ठाऊक असते. त्यांना तेच हवे असते. फळ्यासमोर उभा राहून "साहेब, त्याचे तास वाचवून ठेवलेत, आज दुसरे घ्या," असे म्हणणारा माणूस कोणाचाच लाडका नसतो. शिवाय सगळे भाग तासांवर जगत नाहीत. रबराच्या नळ्या, बॅटऱ्या, वैमानिकाला खुर्चीसकट बाहेर फेकणारी काडतुसे यांचे आयुष्य दिनदर्शिकेवर मोजतात. विमान उडो न उडो, ती म्हातारी होतच असतात. एखादा भाग भांडारात नसला की ते विमान 'एओजी', म्हणजे जमिनीवर बसलेले. मग त्याच्या शेजारच्या बसलेल्या विमानातून तो भाग काढायचा आणि याला लावायचा. कागदावर एक विमान उभे राहते. प्रत्यक्षात काम दुप्पट होते, कारण जे काढले ते पुन्हा कधीतरी लावायचेच असते, आणि प्रत्येक काढण्या-लावण्यात एक सांधा जास्तीचा सुटतो.

या फळ्याच्या शेजारी माणसांचाही एक फळा होता. त्यावर मात्र दोनच रकाने: हजर आणि गैरहजर. यंत्राचा एकेक तास मोजणाऱ्या त्या भिंतीवर माणसाला काय येते आणि काय अजून येत नाही, याची नोंद करायला जागा नव्हती.

१९९१ च्या सुरुवातीला आमच्याकडे एक नवा मुलगा आला, कोल्हापूरकडचा. हँगरमध्ये इतरांसमोर तो मला 'कॉर्पोरल साब' म्हणे, आणि बराकीत आम्ही दोघेच असलो की 'दादा'. पेचकसाला तो 'डिसमिस' म्हणे, तसे आमच्या चाळीतही म्हणत. त्या एका शब्दावर आमची दोस्ती झाली. त्याला माझ्या हाताखाली दिले होते. नियम असा की, नव्या माणसाने प्रत्येक काम आधी पाहायचे, मग देखरेखीखाली ठरावीक वेळा स्वतः करायचे. प्रत्येक वेळी शिकवणाऱ्याने त्याच्या वहीत सही करायची. वही भरली की त्याला स्वतंत्रपणे काम करण्याची आणि कागदावर सही करण्याची मुभा मिळे. नियम उत्तम होता. आजही मला त्यात बदलावेसे काही दिसत नाही.

पण महिनाअखेर नावाची एक गोष्ट असते. उड्डाणाच्या तासांचे महिन्याचे लक्ष्य असते, ते पुरे व्हायचे असते, आणि विमान सकाळी सहाला बाहेर हवे असते. उंचीमापक बदलायचा, नळ्या जोडायच्या आणि गळतीची चाचणी घ्यायची, हे माझ्या हाताने दोन तासांचे काम. त्याच्या हाताने चार. रात्रीचे अकरा वाजलेले. मी म्हणे, "आण इकडे, तू बॅटरी धर." तो बॅटरी धरी. फार चांगली धरी. माझा हात जिथे जाणार तिथे उजेड आधीच पोचलेला असे. काम झाले की मी माझी सही करी आणि त्याची वही ओढून त्यातही करी: काम देखरेखीखाली करून घेतले. असे आठ महिने.

गळतीची चाचणी म्हणजे काय ते सांगायला हवे. एक चाचणीपेटी नळीला जोडून आतली हवा ओढून घ्यायची, म्हणजे यंत्राला वाटते आपण उंचावर आहोत. काटा ठरलेल्या उंचीवर नेऊन थांबवायचा आणि घड्याळ लावून एक मिनिट पाहायचे की तो किती घसरतो. थोडा घसरतोच. किती घसरला तर चालतो हे पुस्तकात लिहिलेले असते. पण तो कसा घसरतो हे डोळ्यांना सवयीनेच कळते. सुरुवातीला चटकन आणि मग थबकत, का सारखा एका गतीने. दुसऱ्या प्रकारात कुठेतरी वाट उघडी आहे असे समजायचे. माझ्या त्या आठ महिन्यांत बॅटरीचा उजेड नेहमी सांध्यावर होता, कारण माझे हात तिथे होते. काटा मी पाहत होतो. त्याने तो पाहिलाच नव्हता.

सप्टेंबरात मी गणपतीला डोंबिवलीला आलो. त्याला स्वतंत्र सहीची मुभा मिळून तीन आठवडे झाले होते. एका रात्री त्याने उंचीमापक बदलला, चाचणी घेतली, आकडा लिहिला, सही केली. पर्यवेक्षकाने पहाटे टेबलावर कागद पाहून दुसरी सही केली. काटा पाहिला नाही. सकाळी विमान उडाले. कॉकपिटमधला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवलेला असतो. नळी कॉकपिटात गळत असेल तर उंचीमापकाला बाहेरच्या विरळ हवेऐवजी आतली दाट हवा लागते, आणि विमान आहे त्याहून खाली आहे असे काटा सांगू लागतो. वेगही कमी दाखवतो. शेजारून उडणाऱ्या साथीदाराचे आकडे आणि आपले आकडे जुळत नाहीत हे त्या वैमानिकाच्या लक्षात आले. दुसऱ्या विमानाने त्याला जोडीने खाली आणले. जमिनीजवळ आल्यावर त्या चुकीतला फरक खूपच कमी होतो, पण एकदा खोटे बोललेल्या काट्यावर कोण विसंबणार? उतरताना वेग तो जोडीदाराकडून ऐकत होता. काही झाले नाही. विमान उभे राहिले, वैमानिक उतरला, चहा प्याला.

चौकशी झाली. मुलाला शिक्षा झाली, त्याची सहीची मुभा काढून घेतली गेली आणि पुढे त्याला भांडारात टाकले. पर्यवेक्षकालाही शब्द ऐकावे लागले. माझे नाव कुठेच नव्हते. मी रजेवर होतो. त्याची प्रशिक्षणाची वही पुरावा म्हणून मागवली होती आणि ती बिनचूक होती. ठरल्याइतक्या सह्या, योग्य तारखा. मी परत आलो तेव्हा तो बराकीत पेटी भरत होता. मी काहीतरी बोलायला गेलो. तो म्हणाला, "दादा, चाचणी मी केली होती. आकडा पण खरा लिहिला होता. मला वाटलं, एवढं चालतं." त्याने वहीचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. काढायला हवा होता, चौकशी अधिकाऱ्यासमोर काढायला हवा होता. हे मी इथे चौतीस वर्षांनी लिहितो आहे, यावरून काय ते समजावे.

मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितले की, तोवर मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात झाले होते आणि त्यांत १७१ वैमानिक गेले. कारणे दिली होती ती दोन: मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड. मी तो आकडा वर्तमानपत्रात वाचला तेव्हा माझ्या मनात आले की, आमचा तो दिवस या दोन्हींपैकी कुठल्याही रकान्यात नाही, कारण अपघात झालाच नाही. आणि झाला असता तर कोणत्या रकान्यात गेला असता? सांधा गळत होता, म्हणून तांत्रिक बिघाड? मुलाला काटा वाचता आला नाही, म्हणून मानवी चूक? वैमानिक गेला असता तर कदाचित त्याचीच. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१ साली मिग-२१ च्या अपघातात गेले, तेव्हा त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी वर्षानुवर्षे नेटाने प्रश्न विचारले. त्या प्रकरणाचा तांत्रिक निवाडा करण्याची माझी योग्यता नाही. पण त्यांच्या मुलाखती वाचताना मला प्रत्येक वेळी आमचा तो वैमानिक चहा पिताना दिसे.

ही गोष्ट आपल्याच देशातली असे समजून गळा काढण्याचेही कारण नाही. २ सप्टेंबर २००६ रोजी ब्रिटनच्या हवाई दलाचे एक निमरॉड विमान अफगाणिस्तानात आगीने नष्ट झाले आणि त्यातले चौदाही जण मरण पावले. चार्ल्स हॅडन-केव्ह यांनी त्याची चौकशी करून २००९ साली अहवाल दिला. तो तांत्रिक बाबतीत कठोर आहेच. पण त्यातला मला भिडलेला भाग असा की, विमान सुरक्षित असल्याचे सांगणारी जाडजूड कागदपत्रे अपघाताच्या आधीच तयार होती. धोक्याची जागा शोधण्यासाठी ती करायची होती. ती झाली मात्र 'विमान सुरक्षित आहेच' असे धरून चालणाऱ्यांकडून. चौकटी भरल्या होत्या, सह्या होत्या. ते वाचून मी उठलो आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. कोल्हापूरच्या मुलाची वही अशीच भरलेली होती.

१९९६ च्या सुमारास मला नियोजनाच्या खोलीत बसवले. सार्जंट झालो होतो. आता तिरकी रेघ मीच आखत होतो. पहिले काम मी केले ते म्हणजे माणसांच्या फळ्यावर एक रकाना वाढवला: कोणाला कोणते काम येते, कोण अजून शिकतो आहे. दुसरे म्हणजे, आठवड्यातली एक सकाळ एक विमान केवळ शिकवण्यासाठी हँगरमध्ये ठेवावे असा प्रस्ताव दिला. अभियांत्रिकी अधिकारी भला माणूस होता. त्याने मान्य केले. पाच आठवडे ते चालले. सहाव्या आठवड्यात महिनाअखेर आली, मोठा सराव आला, आणि ते विमान बाहेर गेले. "पुढच्या आठवड्यात दोन सकाळी घे," तो म्हणाला. ते दोन दिवस कधी आले नाहीत. त्याला दोष देत नाही. धावपट्टीवर उभे नसलेले विमान दिसते, त्याचा जाब विचारणारे असतात. न शिकलेला मुलगा दिसत नाही. तो हजरच्या रकान्यात असतो.

मग मी खोटेपणा सुरू केला. ज्या कामाला दोन तास लागतात त्याला तक्त्यावर तीन लिहू लागलो. तपासणीला नऊ दिवस लागत असतील तर अकरा. वाढवलेला वेळ मी हँगरमधल्या पाच-सहा विश्वासू कॉर्पोरलांना तोंडी सांगून ठेवी: हा वेळ पोरांचा आहे; पाना त्यांच्या हातात द्या, तुम्ही बॅटरी धरा. वरून विचारणा झाली की मी सुट्या भागांची उणीव, धुळीचे वादळ, रजेवरची माणसे अशी कारणे देई. ती बहुधा खरीही असत. पहिल्या खोट्या सहीने मला काही टोचले नव्हते. हे खोटे आकडे लिहिताना मात्र हात कापे, कारण युद्धाचा प्रसंग आला तर याच तक्त्यावर विसंबून कोणी निर्णय घेणार, हे मला कळत होते. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या दिवसांत, मी एका रात्रीत सगळे फुगवलेले आकडे काढून खरे लिहिले. दुसऱ्या दिवशी अधिकारी म्हणाला, "सार्जंट, एवढी क्षमता काल कुठे होती?" त्याला बहुधा सगळे ठाऊक होते. त्या उन्हाळ्यात ज्यांनी रात्रंदिवस कामे केली त्यांतले निम्मे त्या चोरलेल्या वेळात शिकले होते. हे मी समर्थनासाठी सांगत नाही. नियोजनाच्या तक्त्यात शिकण्याचा वेळ उघडपणे मागता येत नसेल तर तो असा चोरट्या वाटेने येतो, आणि चोरट्या वाटेने आलेल्या गोष्टीचा हिशेब राहत नाही. माझ्यानंतर त्या खोलीत बसणाऱ्याला मी तो फुगवटा समजावून सांगितला होता. त्याने तो चुकीचा आकडा म्हणून दुरुस्त केला असेल, तर नियमाने त्याचेच बरोबर.

डोंबिवलीत परतल्यावर कित्येक वर्षे या सगळ्याचा विचार मनात येई तो फक्त रविवारी. कारण रविवारी मेगाब्लॉक असतो. आपल्या पट्ट्यातल्या माणसाला सार्वजनिकरीत्या दिसणारे देखभालीचे नियोजन हे एवढेच. फलाटावरचा शिव्याशाप मी ऐकतो, कधी त्यात भरही घालतो. तरी मनात येते की, इथे निदान वेळ उघडपणे मागितला जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा दरम्यानच्या पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी ७२ तास, २०२४ च्या मे अखेरीस ठाण्याच्या फलाटासाठी ६३ तास. जाहीर करून, शिव्या खाऊन. वडील असते तर त्यांनी विचारले असते की, त्या तासांत रुळावर किती नवी पोरे होती आणि त्यांच्या हातात काय होते.

आता या लेखाचे निमित्त. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा मुलगा अग्निवीरवायू म्हणून निवडला गेला. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या योजनेनुसार चार वर्षे, प्रशिक्षण त्यातच धरून. त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत मुले कायम, बाकीची घरी. पहिले शिक्षण बेळगावजवळच्या सांबऱ्याला. पेढे घेऊन त्याची आई आली आणि पेढा हातात ठेवतच तिने विचारले, "काका, खरं सांगा. चार वर्षांत हा काय शिकणार?"

मी उत्तर द्यायला वेळ घेतला. माझा हिशेब असा होता: जलहळ्ळी, मग विमानाच्या प्रकाराचे शिक्षण, मग हाताखाली काम, मला स्वतःच्या जबाबदारीवर गळतीच्या चाचणीची सही करण्याची मुभा मिळाली तेव्हा नोकरीचे चौथे वर्ष सरत आले होते. आणि ती मुभा मला पेलते आहे असे मला स्वतःला वाटायला आणखी दोन वर्षे गेली. त्या अर्थाने तिचा प्रश्न रास्त होता. पण वीस वर्षांचा करार असूनही आठ महिने बॅटरी धरायला लावणारा मीच होतो. तेव्हा केवळ वर्षे वाढवून काय साधते हेही मला नेमके ठाऊक होते. चार वर्षांची माणसे घेऊन स्क्वाड्रन चालवता येणारच नाही असे मी म्हणणार नाही. पहिल्या पायरीची पुष्कळ कामे चार वर्षांत नीट शिकवता येतात. मात्र मग तक्त्यावर शिकण्याचे तास लिहावे लागतील, वैमानिकाला दिसतील अशा अक्षरांत, आणि शिकवणारे जुने हात पुरेसे उरतील याचीही एक तिरकी रेघ आखावी लागेल. सगळे अनुभवी एकाच वर्षी निवृत्तीला आले तर ती बारा विमाने एकाच आठवड्यात तपासणीला येण्यासारखीच गत. हे सगळे मी त्या माउलीला कसे सांगणार? म्हणालो, "शिकवणारा कसा भेटतो त्यावर आहे, वहिनी." तिचे समाधान झाले नाही. माझेही नाही.

तो निघाला तो रविवार होता. ठाणे-कल्याण ब्लॉक. गाडी कल्याणहून पकडायची म्हणून आम्ही तिघे रिक्षाने निघालो. त्याच्या आईने पत्रीपुलापर्यंत रेल्वेला नावे ठेवली, आणि मी गप्प बसलो. फलाटावर पेटीवर बसून मुलाने मला विचारले, "काका, तिथे गेल्यावर पहिलं काय विचारू?"

"शिकवणारा काम दाखवायला लागला की विचार, आत्ता काटा कुठे आहे. आणि तुला दिसेल अशा ठिकाणी जाऊन उभा राहा. बॅटरी धरायला सांगितली तर दुसऱ्या कोणाला तरी दे."

"आणि ओरडले तर?"

"ओरडतील."

गाडी वीस मिनिटे उशिरा आली.